'गुड न्यूज' : हसू आलं तिथे आणि नाही आलं तिथे

मराठी घरात 'गुड न्यूज' या दोन इंग्रजी शब्दांना एकच अर्थ आहे. नोकरी लागली, ग्रीन कार्ड हातात पडलं, घराचं क्लोजिंग झालं, या बातम्या चांगल्याच. पण त्यांना कोणी 'गुड न्यूज' म्हणत नाही. लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं, की काकू-मावशी मान जराशी तिरकी करून जी विचारतात, ती गुड न्यूज. आम्ही उभयता २००७ साली शॉमबर्गला राहायला आलो. तेव्हापासून आठ-नऊ वर्षं हा प्रश्न आम्हाला गणपतीत विचारला गेला, दिवाळीच्या फराळाला विचारला गेला, पटेल ब्रदर्समध्ये मेथीच्या जुड्या निवडताना विचारला गेला, आणि दर रविवारी सकाळी भारतातल्या फोनवर तर विचारला जाईच. पुढे विचारणारेच थकले. २०१९ च्या डिसेंबरात त्याच नावाचा हिंदी चित्रपट आला. तो आयव्हीएफवरचा विनोदी चित्रपट आहे असं कळलं तेव्हा बायको म्हणाली, "हा आपण बघायलाच हवा. खरं तर आपल्याला तिकीट फुकट द्यायला हवं."

नाताळच्या सुट्टीत तीन जोडपी मिळून साऊथ बॅरिंग्टनच्या थिएटरात गेलो. सव्वादोन तास थिएटर हसत होतं. माझ्या शेजारी बायकोही हसत होती. एकदोनदा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी मात्र पहिल्या अर्ध्या तासानंतर फारसा हसलो नाही. परतताना गाडीत तिनं विचारलं, "तुला काय झालं रे?" मला उत्तर देता आलं नाही. पुढे तो चित्रपट मी घरी आणखी दोनदा पाहिला, त्याच विषयावरचे इतरही काही पाहिले. हा लेख म्हणजे तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला. डॉक्टरेट आहे, पण ती इंजिनिअरिंगमधली, वाङ्मयातली नव्हे. तेव्हा समीक्षेची परिभाषा चुकली तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

आधी कथा थोडक्यात. मुंबईत वरुण आणि दीप्ती बात्रा हे सुखवस्तू, इंग्रजाळलेलं जोडपं (अक्षय कुमार आणि करीना कपूर). चंडीगढहून आलेलं हनी आणि मोनिका बात्रा हे मोठ्या आवाजाचं, मोकळ्या मनाचं दुसरं जोडपं (दिलजीत दोसांझ आणि कियारा अडवाणी). दोघांनाही मूल होत नाही, दोघंही मुंबईतल्या एकाच नामांकित डॉक्टरांकडे जातात. डॉक्टरांचं नाव आनंद जोशी. आदिल हुसेननं ही भूमिका अगदी गंभीर चेहऱ्यानं करून बहार आणली आहे. आडनाव एकच असल्यानं प्रयोगशाळेत घोटाळा होतो. या बात्राचे शुक्राणू त्या बात्रीणबाईंच्या बीजाशी आणि त्यांचे हिच्याशी. डॉक्टर ही बातमी देतात तोवर उशीर झालेला असतो, आणि दोघींनाही दिवस राहतात. दिग्दर्शक राज मेहतांचा हा पहिलाच चित्रपट. पहिल्याच प्रयत्नात प्रेक्षकाला सतत हसतं ठेवणं सोपं नाही, हे आधी कबूल करून टाकतो.

या घोटाळ्याकडे मी आधी धंद्याच्या नजरेनं पाहिलं. डेटाबेसचा पहिला धडा असा, की प्रत्येक नोंदीला स्वतःची एकमेव खूण हवी, आणि माणसाचं नाव ही खूण कधीच होऊ शकत नाही. जोशीबुवांच्या प्रयोगशाळेत आडनावावर कारभार चालतो, हे पाहून मला आधी हसू आलं आणि मग अंगावर काटा आला. याचं कारण आमचाच अनुभव. आम्ही ज्या क्लिनिकमध्ये जात होतो तिथे एकदा नर्सनं दाराशी येऊन आमचं आडनाव कसंबसं उच्चारलं, आणि माझ्या बायकोबरोबर आणखी एक बाई उठून उभ्या राहिल्या. आडनाव तेच. त्या बंगळूरच्या निघाल्या. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या आणि नर्सनं जन्मतारीख विचारून घेतली. प्रयोगशाळेत दोन माणसं प्रत्येक टप्प्यावर नाव, जन्मतारीख आणि क्रमांक मोठ्यानं वाचून पडताळतात, असं आम्हाला पुढे समजावून सांगण्यात आलं. तरीही त्या दिवशी परतताना गाडीत आम्ही दोघं गप्पच होतो.

अशा चुका प्रत्यक्षात घडलेल्या आहेत. २००९ साली ओहायोमधल्या एका बाईंच्या गर्भाशयात दुसऱ्याच जोडप्याचा गर्भ ठेवला गेला. त्यांनी तो नऊ महिने वाढवला आणि जन्मल्यावर बाळ त्याच्या आईवडिलांच्या हाती दिलं. तेव्हा 'हे अशक्य आहे' हा आक्षेप मी घेणार नाही. विनोदी कथेला सुरुवातीला एक अचाट गोष्ट गृहीत धरण्याची मुभा असतेच. माझा आक्षेप पुढचा आहे.

आपल्या रंगभूमीवर असा घोटाळा फार जुना आहे. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' १९१६ साली संगीत रूपात आलं, आणि आजही कुठल्या ना कुठल्या मंडळात त्याचा प्रयोग होतोच. त्यातही माणसं चार : फाल्गुनराव, कृत्तिका, आश्विनशेठ आणि रेवती. एक तसबीर नको त्या हातात पडते आणि चौघंही एकमेकांवर संशय घेऊ लागतात. आपण मनमुराद हसतो, कारण आपल्याला ठाऊक असतं की तसबिरीचा उलगडा झाला की सगळं पहिल्यासारखं होणार. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रहसनात 'अन्-डू'ची सोय असते. चूक कितीही वाढली तरी शेवटी मागे घेता येते, आणि या भरवशावर प्रेक्षक निर्धास्तपणे हसतो.

'गुड न्यूज'मध्ये तसबिरीच्या जागी काचेची नळी आहे. ही चूक मागे घेता येत नाही. ती एका बाईच्या पोटात वाढते आहे. देवलांच्या नाटकात घोटाळा उलगडला की पडदा पडतो. इथे घोटाळा कळल्यावर खरी कथा सुरू होते. त्यामुळे उत्तरार्धात दिग्दर्शकाची पंचाईत झालेली दिसते. चंडीगढचं जोडपं मुंबईच्या जोडप्याच्याच इमारतीत राहायला येतं, जिन्यात, लिफ्टमध्ये, दारात गाठ पडत राहते, उच्चारांवरून आणि कपड्यांवरून विनोद होत राहतात, आणि मधूनच सगळ्यांना आठवतं, की अरे, इथे चार माणसांचं आयुष्य पणाला लागलं आहे. मग व्हायोलिन वाजू लागतं. हसणं आणि रडणं पाळीपाळीनं येतं. एकाच प्रसंगातून दोन्ही उमटलं असं फारसं होत नाही.

ज्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. दोन गोष्टी या चित्रपटानं धीटपणे केल्या. एक म्हणजे वरुणचं पात्र. दुसऱ्याचं बीज आपल्या बायकोच्या पोटात आहे हे कळल्यावर हा सुशिक्षित, आधुनिक माणूस किती हलका होतो, हे चित्रपटानं लपवलेलं नाही. 'माझं रक्त', 'माझा वंश' ही भाषा खेड्यातल्या आजोबांपुरती नाही; ती मुंबईतल्या उंच इमारतीतही आहे आणि, खरं सांगायचं तर, शॉमबर्गमधल्या टाऊनहाऊसमध्येही आहे. आम्हाला दात्याचा पर्याय सुचवला गेला तेव्हा मी पहिला आठवडा काय बोललो होतो, ते इथे लिहिणार नाही. बायकोला ते शब्दशः पाठ आहे. ज्या हनीला चित्रपट हसण्यासाठी पुढे करतो, तोच या प्रसंगात वरुणपेक्षा मोठा माणूस ठरतो, हेही चांगलं जमलं आहे. आणि शेवटी अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे काचेतून पाहताना वरुण विरघळतो, तिथे माझाही घसा दाटला.

दुसरी गोष्ट म्हणजे दीप्ती. बाळंतपणात बाईच्या शरीराचं काय होतं, हे ती नवऱ्याला एका प्रसंगात चांगलं सुनावते. करीना कपूरनं तो प्रसंग जीव ओतून केला आहे. आमच्या रांगेतल्या बायका तिथे टाळ्या वाजवत होत्या.

आता माझी मुख्य तक्रार. आयव्हीएफवरच्या या चित्रपटात आयव्हीएफ कुठे आहे? सुरुवातीला दीप्तीच्या तारखांच्या वेळापत्रकावर आणि त्यापायी वरुणच्या होणाऱ्या धावपळीवर चांगले विनोद आहेत. तेवढ्यात मी खरोखर हसलो, कारण त्या कॅलेंडराशी माझी ओळख होती. पण क्लिनिकची पायरी चढल्यावर उपचार भराभर उरकले जातात, आणि दोन्ही जोडप्यांना पहिल्याच खेपेत यश मिळतं! प्रयोगशाळेनं एवढा घोटाळा केला तरी गर्भ मात्र दोन्हीकडे राहिला. ज्यांनी हा प्रकार केला आहे त्यांना कथेतला सर्वात अचाट योगायोग आडनावाचा वाटणार नाही, हा वाटेल.

वास्तविक विनोद भरला आहे तो या गाळलेल्या भागात. आमचा फ्रिजच पाहा ना. वरच्या कप्प्यात श्रीखंडाचा डबा आणि त्याच्या शेजारी औषधांच्या बाटल्या. पाहुणे आले की बाटल्या भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीखाली. ओट्यावर वापरलेल्या सुया टाकण्याचा लाल डबा. एकदा सासूबाई आल्या होत्या तेव्हा तो मी छपाईच्या शाईचा म्हणून खपवला. दहा-बारा दिवस रोज रात्री पोटात इंजेक्शन. पुढे गर्भ ठेवल्यावर कमरेत तेलातलं प्रोजेस्टेरॉन, मोठ्या सुईनं. ते मी द्यायचं. इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट केलेला माणूस संत्र्यावर सुया टोचून सराव करतो आहे, आणि बायको म्हणते आहे, "संत्रं ओरडत नाही, एवढं लक्षात ठेव." तेलाची बाटली हातात चोळून कोमट करावी लागते. मी त्याचं तापमान मोजायला लागलो तेव्हा तिनं थर्मामीटर काढून घेतला.

बीजं पक्व झाल्यावर एक शेवटचं इंजेक्शन घड्याळाच्या काट्यावर द्यावं लागतं, कारण त्यानंतर सुमारे छत्तीस तासांनी बीजं काढायची असतात. आमची वेळ आली रात्री दहा वाजून पंधरा मिनिटांची, आणि त्या रात्री मंडळाच्या गणेशोत्सवातलं नाटक होतं. घरी थांबलो असतो तर 'का आला नाहीत' हा प्रश्न आलाच असता. तेव्हा दहा वाजता अंधारात उठून, "गाडीचे दिवे चालू राहिलेत बहुतेक" असं पुटपुटत आम्ही दोघं शाळेच्या पार्किंगमध्ये गेलो. आईस बॉक्स मागच्या सीटवर. ती पैठणीत. त्या बंद गाडीत, मोबाईलच्या उजेडात, पैठणी सावरत ते इंजेक्शन दिलं. आतून प्रेक्षकांचा हशा ऐकू येत होता. परत येऊन बसलो तर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अगं, केवढा मस्त प्रसंग हुकला तुमचा!" या वाक्यावर आम्ही दोघं असे हसलो, की पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं.

पाचव्या दिवशी गर्भाची प्रत ठरवून क्लिनिक ती फोनवर सांगतं. आकडा आणि त्यापुढे दोन अक्षरं. '४ एए' म्हणजे उत्तम. मराठी आईबापांचा स्वभाव असा, की मूल पाच दिवसांचं, एका ठिपक्याएवढं, आणि आम्ही त्याचे मार्क लिहून घेतो आहोत. "बी कशात पडलं?" असं बायकोनं खरोखर विचारलं होतं. मग दोन आठवडे वाट पाहायची आणि रक्ततपासणीचा आकडा ऐकायचा. दर दोन-तीन दिवसांनी तो दुप्पट व्हायला हवा. मी आलेख काढून ठेवला होता. आमचा आलेख एकदाच वर चढला आणि चौथ्या बिंदूला खाली आला.

विम्याचाही एक विनोद आहे. इलिनॉयनं १९९१ साली कायदा करून गटविम्यात वंध्यत्वाच्या उपचारांचा, आयव्हीएफसकट, समावेश करायला लावला. देशातल्या फार थोड्या राज्यांत तेव्हा अशी सोय होती. मात्र ज्या कंपन्या स्वतःच्या पैशातून विमा चालवतात त्यांना तो लागू होत नाही. त्यामुळे नोकरी बदलताना मी पगाराआधी विम्याची कागदपत्रं वाचत असे, आणि व्हिसा नोकरीला बांधलेला असल्यानं बदलायची तरी किती? आमच्या वेळच्या नियमात बीजं चार वेळा काढण्याची मर्यादा होती. मूल झालं तर आणखी दोन संधी. नाही झालं तर चारातच संपलं. हे कलम मी बायकोला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "पास झालेल्यांना आणखी पेपर, नापासांना घरी. विद्यापीठासारखंच आहे."

आमचे चारही झाले. आमच्या घरी पाळणा हलला नाही. हे लपवून या लेखाला अर्थ राहत नाही, म्हणून लिहिलं. सहानुभूतीचे फोन करू नयेत ही विनंती.

वंध्यत्वावरचे आपले विनोदी चित्रपट नेमके इथे येऊन वाट वाकडी करतात. 'विकी डोनर' (२०१२) आठवा. शूजित सरकारांच्या या चित्रपटानं हिंदी पडद्यावर वीर्यदान हा शब्द घराघरात उच्चारण्याजोगा केला, ही लहान गोष्ट नाही. अन्नू कपूरचे डॉक्टर चढ्ढा तर विसरता येत नाहीत. पण त्यातली आशिमा, जिला मूल होणार नाही असं कळतं, तिच्या दुःखाला चित्रपट किती वेळ देतो? नवरा शेकड्यांनी मुलं देऊ शकतो आणि बायको एकही नाही, हा विरोधाभास उभा राहिला की तिचं काम झालं. पुढे राग नवऱ्याच्या गुपिताचा, आणि शेवटी दत्तक मुलगी. शेवटच्या दृश्यात कडेवर मूल हवंच.

आपल्या मराठीतही मूल हा विनोदाचा जुना ऐवज आहे. 'बाळाचे बाप ब्रह्मचारी' (१९८९) मध्ये ते न मागता गळ्यात पडतं. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होऊन वावरतो आणि त्याचं चक्क डोहाळजेवण होतं. पोट खोटं, आई खोटी, हौस तेवढी खरी! तो प्रसंग विनोदी अभिनयाचा नमुना आहे आणि मी तो कितीदा पाहिला असेन याची मोजदाद नाही. पण त्यातलं गाणं आता इथल्या प्रत्येक खऱ्या डोहाळजेवणात लावतात. शॉमबर्गमध्ये आल्यापासून आम्ही अशी निदान वीस डोहाळजेवणं जेवलो. ते गाणं सुरू झालं, की माझी बायको "मी जरा भजी तळायला घेते" म्हणून स्वयंपाकघरात जाई. बाहेर सगळे लक्ष्याच्या आठवणीनं हसत असत. कित्येक वर्षं मला वाटायचं तिला भजी तळायची आवड आहे.

परदेशी चित्रपटांपैकी दोघांचा उल्लेख करतो. बेन एल्टन या इंग्रजी विनोदकारानं २००० साली 'मेबी बेबी' काढला. तो आणि त्याची पत्नी स्वतः या उपचारांतून गेले होते. त्यातला नवरा (ह्यू लॉरी) लेखक होऊ पाहतो आहे. विषय सुचत नाही म्हणून तो आपल्याच उपचारांवर पटकथा लिहितो आणि त्यासाठी बायकोची खाजगी डायरी चोरून वाचतो. बायकोला हे कळतं तेव्हा ती घर सोडते. चित्रपट म्हणून तो बेताचाच आहे, अनेक विनोद शाळकरी आहेत. पण हा एक धागा मला फार खरा वाटला. हसण्याची मुभा कोणाची? ज्याला सुई टोचली त्याची, की सुई टोचणाऱ्याची? हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी पहिला खर्डा बायकोसमोर ठेवला, तो याच भीतीनं. तिनं तीन परिच्छेद खोडले. संत्र्याचा ठेवला.

दुसरा, तमारा जेन्किन्स या दिग्दर्शिकेचा 'प्रायव्हेट लाइफ' (२०१८). न्यू यॉर्कमधलं चाळिशीतलं जोडपं, कॅथरिन हान आणि पॉल जिआमाटी. पहिल्याच दृश्यात पलंगावर आडवी झालेली बायको आणि मागे नवरा. आपल्याला वाटतं काही शृंगाराचा प्रसंग आहे. तो तिच्या कमरेत इंजेक्शन देतो आहे! मी घरात एकटाच मोठ्यानं हसलो. 'गुड न्यूज'नं जे गाळलं, त्यापासून या चित्रपटाची सुरुवात होते. नात्यातली एक तरुण मुलगी बीजदान करायला तयार होते, घरादारात वाद होतात, आणि एवढं करून उपचार फसतो. तरीही चित्रपट विनोदी राहतो. शेवटी ती दोघं रस्त्याकडेच्या एका साध्या रेस्तराँत बसली आहेत; मूल दत्तक देऊ पाहणारी एक मुलगी यायची आहे. समोर बसलेला नवरा उठून बायकोच्या शेजारी येऊन बसतो. दारावर दोघांची नजर. नावं सरकू लागतात आणि ती दोघं तशीच बसून राहतात. मुलगी येते की नाही, सांगितलेलंच नाही.

असं आपल्याला झेपणार नाही, आपल्याला शेवट गोडच लागतो, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव आपलाच ना? त्याची एकही योजना धड तडीस जात नाही. चिमणराव, काऊ, गुंड्याभाऊ यांच्यावर तीन पिढ्या हसल्या, ते त्यांना यश मिळालं म्हणून नव्हे, तर फजितीतही ती माणसं एकमेकांना धरून राहिली म्हणून. हरलेल्या माणसाबरोबर हसण्याची कला मराठीत आहे. वंध्यत्वाच्या विषयाला ती अजून कोणी लावलेली नाही, इतकंच. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली ती ६ ऑगस्ट १९८६ रोजी. ज्या शहरात हे घडलं, त्याच शहरातल्या जोडप्यांवर धंदेवाईक विनोदी चित्रपट निघायला तेहेतीस वर्षं लागली. आता पुढची पायरी चढायला तितकी लागू नयेत. समृद्धी पोरे यांच्या 'मला आई व्हायचंय!' (२०११) नं दुसऱ्याचं मूल पोटात वाढवणाऱ्या आपल्याकडच्या बाईची बाजू गंभीरपणे मांडली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. त्यातली मूल मागायला येणारी बाई अमेरिकेची आहे. आपण इथले मराठी लोक त्या चित्रात कुठेच नाही. पैठणीत इंजेक्शन घेणारी बाई अजून कोणी पडद्यावर आणलेली नाही.

हे सगळं उत्तर म्हणून मी बायकोला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तुझं सगळं बरोबर असेल. पण मी का हसले ते तू विचारलंच नाहीस. त्या पिक्चरमध्ये कोणी मला सुई दाखवली नाही, म्हणून मी हसले. मला चार वर्षांनी सुट्टी मिळाली होती. तुला तो भाग हवा होता, कारण तुला त्यातलं अर्धंच लागलं होतं."

यावर माझ्याकडे तोड नाही. माझं मत मी तरीही बदललेलं नाही. 'गुड न्यूज' हा अर्ध्या वाटेवर भ्यालेला चित्रपट आहे असंच मला वाटतं. मात्र ज्यांनी उपचार भोगले त्यांना तो न भोगलेल्या गोष्टींसाठीही आवडू शकतो, हे मी माझ्या हिशेबात धरलं नव्हतं, ते आता धरलं. आपापल्या घरी पाहून ठरवावं.

जाता जाता एक विनंती. येत्या गणपतीत नवीन जोडपं भेटलं आणि मान तिरकी करून काही विचारावंसं वाटलंच, तर 'गुड न्यूज' पाहिलात का, एवढंच विचारावं. पाहिला असेल तर गप्पांना विषय मिळेल. आणि नुसतंच हसून ती मुलगी भजी तळायला उठली, तर आपणही उठून तिच्यासाठी कांदे चिरायला घ्यावेत.